डाव्या खांद्याचं माप

४ मार्च

सुतारास,

हे कामाचं पत्र आहे. कामाचं नसतं तर मी लिहिलं नसतं, हे तुला माहीत आहे. तुझ्या बहिणीला तुझा पत्ता विचारला, तर ती म्हणाली, "पत्ता काय विचारता वहिनी, तोच आहे. दार तेवढं निळं केलंय."

आमच्याकडे लिलावासाठी एक दुनळी बंदूक आली आहे. शंभरीच्या पुढची. पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळ्या, त्यांवर पाण्यावर उठतात तशा लहरी. बाजूच्या पट्ट्यांवर पानं कोरलेली. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता गडद अक्रोडाचा. घेऊन आलेले गृहस्थ चष्म्यांचं दुकान चालवतात. बंदूक त्यांच्या काकांची. काका गेले, परवाना पुतण्याच्या नावावर झाला, आणि आता पुतण्याला ती विकायची आहे.

माझा प्रश्न एकच. या बंदुकीचा दस्ता तू केलास का?

हो किंवा नाही, एवढंच पोस्टकार्डावर लिहिलंस तरी पुरे. यादी छपाईला जायला महिना आहे.

किंमतवाली

ता. क. ही सही हाताच्या सवयीने झाली. खोडत नाही. तू मला किंमतवाली म्हणायचास ते टोचायला, आणि मी सुतार म्हटलं की तुला झोंबायचं. फिट्टंफाट झाली.


१३ मार्च

सुतारास,

उत्तर नाही. पण पत्र पोचलं. तुझी बहीण रविवारी चहाला आली होती. "दादाने वाचलं, घडी घातली आणि रंध्याखाली ठेवलं," म्हणाली. रंध्याखाली म्हणजे मानाने ठेवलं, असं तिचं मत. रद्दीत गेलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं, एकदाचं कळलं तरी असतं.

मी प्रश्न फार तुटक विचारला असेल. नीट सांगते.

चष्मेवाले बंदूक घेऊन आले ते चष्म्याच्या भल्यामोठ्या मऊ फडक्यात गुंडाळून. टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मी त्यांच्या मुलाचा निकाल सांगणार आहे. मी डावी बाजू वर केली आणि मला धडकीच भरली.

"हे काय केलंत?"

"पुसलं."

"कशाने?"

"काचांचं आमचं पाणी असतं. अगदी सौम्य. ओरखडा उठत नाही हो, खात्री देतो."

पोलाद भट्टीतून काढताना त्यावर जे रंग चढतात, निळा, तपकिरी, राखी, ते किती नाजूक असतात ते तुला सांगायला नको. शंभर वर्षं टिकलेले ते रंग या माणसाने चष्म्याची धूळ पुसावी तसे पुसून टाकले होते. पट्टी चकचकीत झाली होती, एखाद्या चमच्यासारखी. मी बंदूक उलटी केली. उजव्या बाजूचे रंग जागच्या जागी होते.

"ही बाजू का सोडलीत?"

"तेवढ्यात हिने जेवायला हाक मारली."

त्यांच्या पत्नीला मी अजून पाहिलेलं नाही. पण त्या हाकेची किंमत मी करू शकते, आणि ती बरीच आहे.

बाकी तपासणी नेहमीसारखी. नळ्या सुट्या करून एका बोटावर टांगल्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकल्या. तुला आवडायचा तसा आवाज आला, लांबलेला, स्वच्छ. मधली पट्टी कुठेही सुटलेली नाही. खिडकीकडे धरून आतून पाहिल्या. उजेडाची कडी एकात एक, एकही वाकडं नाही. जाडी ठीक. स्क्रूंच्या चिरा सगळ्या एका रेषेत, म्हणजे कुणा अडाण्याचा पेचकस लागलेला नाही. दस्त्याचा रंग जुना, मुठीवरची कोरीव जाळी जिथे हात धरतो तिथेच झिजलेली, तेल आतपर्यंत मुरलेलं. आमचे मालक माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "सगळं मूळचं आहे बाई. लिहून टाका." मी पेन उचललंही होतं.

मग प्रत्येक बंदुकीचं शेवटी करते ते केलं. डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला, डोळे उघडले.

मालकांना मी हे का करते ते कधी समजलं नाही. तुला समजतं. चांगली बंदूक कोटासारखी मापाने शिवलेली असते. दस्त्याची लांबी, त्याचा उतार, एका बाजूला दिलेला जरासा बाक, हे सगळं कुणा एका माणसाच्या हाताचं, मानेचं, गालाचं असतं. डोळे उघडल्यावर नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी जिथे दिसतो त्यावरून मी पहिल्या मालकाचा अंदाज बांधते. उंच होता, जाडा होता, मान आखूड होती. आजवर प्रत्येक बंदुकीने मला सांगितलं आहे की तू ती नव्हेस. बरोबरच आहे. मी बुटकी, लांब मानेची, त्यात डावखुरी. माझ्यासाठी कोण बंदूक करणार?

या बंदुकीचा मणी बरोबर मधोमध होता. मला मान जरासुद्धा हलवावी लागली नाही.

शंभर वर्षांपूर्वी माझ्याच मापाचं कुणी असेल. जग मोठं आहे. म्हणून विचारते.

किंमतवाली


२२ मार्च

सुतारास,

आज सकाळपासून खिडकीत बसून आहे. सुट्टी आहे. समोरच्या बस डेपोत गाड्या धुण्याचं काम चाललंय आणि धुणारे दोघं एकमेकांवर पाणी उडवतायत. मला या दोन खोल्या आवडतात. पहिल्या वर्षी मी बळेच आवडून घेत होते, नंतर कधीतरी खरंच आवडायला लागल्या. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे. शेजारी निवृत्त बँक मॅनेजर राहतात, ते भिंतीपलीकडून शब्दकोड्यातले शब्द विचारतात आणि मी भिंतीकडे तोंड करून उत्तरं देते. कामावर जायला अजूनही उत्साह वाटतो. हे तुला चिडवायला लिहीत नाही. तुझी बहीण तुला माझी खबर देत असणार, आणि ती थोडी रडवी करून देत असणार. म्हणून मीच देते.

काल चष्मेवाल्यांना बोलावलं होतं. काकांबद्दल विचारलं. काका म्हणे सहा फुटी, उजव्या हाताचे, आणि नेमबाजीच्या नावाने शून्य. बंदूक एका मोडतोडीच्या लिलावातून घेतली आणि दिवाणखान्यात टांगली. आल्यागेल्याला सांगायचे, "मूळची आहे, जशीच्या तशी."

"मोडली होती का कधी?"

"मोडली? छे. काका तिला हात लावू द्यायचे नाहीत."

"काकांनी घेतली कधी?"

त्यांनी आठवून सांगितलं. मी मनात वर्षं मांडली. मी तुझ्या घरातून निघून आले, त्याच्या पुढच्या वर्षी.

तेव्हा आता मला जे वाटतं ते सांगते. मोडतोडीच्या लिलावातली बंदूक मोडकीच असणार. काका ती तुझ्याकडे घेऊन आले. तू विचारलंस, माप कुणाचं धरू? काका म्हणाले, कुणाचंही धरा, मला काय, भिंतीवर लावायची आहे. मग तू तुझ्याकडे असलेलं माप धरलंस. खिडकीशेजारच्या भिंतीवर तू मला उभं करून पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्यास, कोपराची, हनुवटीची, डोळ्याची. म्हणायचास, "हलू नकोस, तू माझी फूटपट्टी आहेस." त्या रेघा अजून आहेत? की भिंतही निळी केलीस आणि मापं तोंडपाठ होती?

याचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पुढच्याचं हवं आहे.

काकांना तू दस्ता नवा म्हणून दिलास की मूळचा म्हणून?

का विचारते ते तुला कळेल, पण मी लिहिते, म्हणजे मलाही नीट कळेल. यादीत मी "दस्ता बदललेला" असं लिहिलं की किंमत अर्ध्यावर येते. ते चष्मेवाल्यांना सोसावं लागेल. त्यांना दुकानामागची खोली वाढवायची आहे, ती थोडी लहान वाढेल. पण खरेदी करणारे वेडे नसतात. बंदूक हातात घेऊन म्हणतील, मूळच्या लाकडाला लाजवेल असा दस्ता आणि तरी नवा? मग हे काम कुणाचं? असं काम करणारा एकच आहे. आणि काका तर आयुष्यभर मूळचा म्हणून सांगत होते. म्हणजे काका खोटं बोलले किंवा त्यांना खोटं विकलं गेलं. काका आता सांगायला नाहीत. लोक सोपं तेच धरतील. तुझ्या निळ्या दारात पुन्हा कुणी बंदूक आणणार नाही, आणि या वेळी तुला नव्याने उभं राहायला वय नाही. मलाही नाही, पण माझा पगार चालू आहे.

आपल्या धंद्यात खोटं कसं करतात ते आपण दोघांनी पाहिलं आहे. नवा दस्ता बसवायचा आणि मूळचा त्याच दिवशी शेगडीत घालायचा. जुना हाताशी राहिला तर नवा उघडा पडतो. आणि खरं वागणाऱ्यांचं दुर्दैव असं की तेही मोडका दस्ता ठेवत नाहीत. जागा कुणाला आहे? त्यामुळे पुरावा कुठल्याच बाजूने उरत नाही. उरतो तो करणाऱ्याचा शब्द.

तो शब्द मी मागते आहे.

किंमतवाली


२९ मार्च

सुतारास,

मालकांशी बोलले. म्हणजे भांडले, पण ते खुर्चीत बसून भांडतात त्यामुळे बोलल्यासारखं दिसतं.

"बाई, तुम्ही गप्प बसलात तर कुणाला कळणार आहे?"

"मला."

"तुम्हाला सोडून?"

"करणाऱ्याला."

"तो तरी कशाला बोलेल?"

"तो कधीच बोलत नाही," मी म्हटलं. "तीच तर अडचण आहे."

मालक हसले. मग म्हणाले, "तुमचं जुनं प्रकरण आहे का हे?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग यादीतला हा मजकूर दुसऱ्या कुणाला लिहू द्या." मी नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाच्या खांद्याला ती बंदूक काही सांगणार नाही.

जुनं प्रकरण मला लख्ख आठवतं. तुलाही आठवत असेल, पण तुझ्या आठवणीत मी जास्त मोठ्याने बोलत असेन. त्या ठेकेदाराने तू दुरुस्त केलेली बंदूक मूळची म्हणून आमच्याकडे आणली. मी "दस्ता बदललेला" लिहिलं. तू छापील यादीत वाचलंस. मी म्हणाले, दोनच शब्द तर आहेत. तू म्हणालास, मग आणखी दोन घाल, कुणी केला तेही लिही. मी म्हणाले, यादीत कारागिराचं नाव घालायची पद्धत नाही. तू म्हणालास, "मग ते लाकूड काय आपोआप उगवलं?"

मी तेव्हा बरोबर होते आणि आजही तेच लिहीन. पण तुझ्या त्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, हेही खरं. लोकांना एवढंच कळलं की तुझं काम पकडलं गेलं. ते पकडायला मला भिंग घेऊन दोन दिवस बसावं लागलं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

घर काही त्या दस्त्यावरून मोडलं नाही. आपण जेवतानासुद्धा एकमेकांच्या कामातल्या खोडी काढायचो. तू माझ्या अंदाजांना नावं ठेवायचास, मी तुझ्या पॉलिशला. दुसरा विषयच नव्हता. दोन वेगळ्या घरांत आपण जास्त सुखाने जेवत असू, असं मला वाटतं. तुझं तू सांग.

गुरुवारी यादी छपाईला जाते. मी हे लिहिलं आहे:

"नळ्या व यंत्र मूळचे, उत्तम स्थितीत. डाव्या पट्टीचे रंग पुसलेले. दस्ता बदललेला."

मागच्या वेळी तू छापून आल्यावर वाचलंस. या वेळी आधी सांगते आहे. चष्मेवाल्यांनाही सांगितलं. ते फडकं काढून स्वतःचाच चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "काकांना फसवलं म्हणायचं?" मी म्हटलं, माहीत नाही. "आणि डावी बाजू मी पुसली नसती तर?" मी म्हटलं, तर बरं झालं असतं. "म्हणजे निम्मं मी घालवलं आणि निम्मं कुणीतरी दुसऱ्याने." माणूस भला आहे. दोष वाटून घ्यायला कुणी मिळालं म्हणून त्याला बरं वाटलं.

तुझं नाव मी त्यांना सांगितलेलं नाही.

बुधवारपर्यंत वाट बघते.

किंमतवाली


१ एप्रिल

सुतारास,

काल संध्याकाळी तुझी बहीण आली. जिने चढून धापा टाकत, काखेत गोणपाटात बांधलेलं लांबडं काहीतरी. दारातच माझ्या हातात दिलं.

"घ्या वहिनी. दोघांनी मिळून मला हमाल करून टाकलंय. बसमध्ये एक बाई विचारत होती, वल्हं आहे का म्हणून."

"काय आहे?"

"मीही विचारलं. म्हणाला, लाकूड."

"आणखी काही?"

"चहा टाका आधी. मग सांगते."

चहा टाकला. तिने बशीत ओतून फुंकर मारत अर्धा संपवला, मला रडवायला. मग म्हणाली, "म्हणाला, काकांना सांगून झालं होतं, दस्ता नवा आहे म्हणून. मोडकं घरात नको म्हणाले, टाकून द्या. याच्याने टाकवलं नाही. बस, एवढंच. मी म्हटलं, दादा, चार ओळी लिहून दे की रे. तर म्हणाला, तिला वाचून कळत नाही, बघून कळतं."

मी तिच्या कपात उरलेला चहा ओतला. ती खूश झाली.

तो जुना दस्ता आज कामावर नेला. उत्तरेच्या खिडकीखाली, हिरव्या कापडावर ठेवला. गोणपाट सोडलं तेव्हा वाटलं होतं की मुठीपाशी दोन तुकडे असतील. तुकडे नव्हते. अखंड दस्ता होता. मग भिंग घेतलं. तू जोड अक्रोडाच्या काळ्या शिरेतून नेला आहेस, शीर जिथे वळते तिथे तोही वळतो, आणि खालच्या बाजूला जाळीच्या दोन खाचांमध्ये लपतो. तिथे, दुसऱ्या खाचेपाशी, केसाएवढी फट आहे. सापडली मला. जेवणाची सुट्टी गेली, पण सापडली. हे तुला कळवल्याशिवाय राहवलं नाही.

मालकांना बोलावलं. बंदुकीचा नवा दस्ता सोडवला आणि पोलाद या जुन्या लाकडात उतरवून पाहिलं. कुठेही जोर लावावा लागला नाही. प्रत्येक खाच आपापल्या जागी बसली, जशी माणसं गावाला जाऊन आल्यावर आपापल्या खुर्चीत बसतात. हा त्याच बंदुकीचा दस्ता. लांब, उजव्या हाताचा, उंच माणसाचा. खांद्याला लावून पाहिला, मणी पार उजवीकडे पळाला. तू ती नव्हेस.

मालकांनी जुन्या दस्त्यावरून अंगठा फिरवला. "हा इतकी वर्षं ठेवला? आणि जोडला? कुणी सांगितलं नसताना?"

"हो."

"कशासाठी?"

"त्याच्याने टाकवला नाही."

खोटं करणारा माणूस जुना दस्ता ठेवत नाही. मग तो कधी कुणी मागेल म्हणून जोडून तर मुळीच ठेवत नाही. मला तुझा शब्द हवा होता. हे त्याहून बरं.

मजकूर बदलला आहे. आता असा:

"नळ्या व यंत्र मूळचे, उत्तम स्थितीत. डाव्या पट्टीचे रंग पुसलेले. दस्ता नवा, डाव्या हाताचा, मूळच्या तोडीचा. मोडलेला मूळ दस्ता सांधून सोबत. दोन्ही कामं..."

आणि पुढे तुझं नाव, तुझ्या कारखान्याचा पत्ता. मालक म्हणाले, "यादीत कारागिराचं नाव घालायची पद्धत नाही, बाई." मी म्हटलं, मग काय हे लाकूड आपोआप उगवलं? त्यांनी मान डोलावली. वाक्य तुझं आहे हे मी सांगितलं नाही.

नाव नको असेल तर उद्या दुपारपर्यंत कळव. उत्तर न देण्याची तुझी खोड पहिल्यांदाच सोयीची वाटते आहे.

किंमतवाली


२३ एप्रिल

सुतारास,

बंदूक गेली. चांगल्या किमतीला गेली. मूळ दस्ता सोबत असल्याने माझ्या पहिल्या अंदाजाच्या जवळ पोचली, आणि उरलेला फरक डाव्या बाजूचा होता, त्याला कुणाचाच इलाज नाही. चष्मेवाले सपत्नीक आले होते. त्यांच्या पत्नीला मी सांगितलं की तुमच्या एका हाकेने उजवी बाजू वाचली. त्या म्हणाल्या, "जन्मभर हाका मारतेय. पहिल्यांदाच वेळेवर आले." चष्मेवाल्यांनी मला नवा चष्मा देऊ केला. मी म्हटलं, मला दिसतं. ते म्हणाले, ते कळलंच.

जाताना ते विचारत होते, "म्हणजे काकांना कुणी फसवलं नव्हतं." मी म्हटलं, नाही. "काकाच लोकांना सांगत होते." हो. थोडा विचार करून म्हणाले, "काका होतेच तसे." आणि हसत हसत गेले.

घेणारा पुलांची कामं करणारा इंजिनियर आहे. उंच, उजवा, हात लांब. प्रदर्शनाच्या दिवशी त्याने बंदूक खांद्याला लावली आणि मान वेळावली, जसं काही सदऱ्यात खडा गेला. "हा दस्ता कुणासाठी केलाय?" मी म्हटलं, डावखुऱ्या माणसासाठी. मग त्याने दुसरा उचलला, तुझा सांधलेला. उलटापालटा करून पाहिला. जोड त्याला सापडला नाही. मी दाखवलाही नाही, फक्त आहे एवढं सांगितलं.

"हा बसवून मिळेल?"

"करणाऱ्याला विचारा."

"कुठे भेटेल?"

"यादीत आहे," मी म्हटलं.

हे म्हणताना मला फार बरं वाटलं. का ते तुला सांगायला नको.

त्याच्या मागोमाग आणखी दोघांनी यादीतलं ते पान दुमडून ठेवलेलं मी पाहिलं. एकाकडे वडिलांची बंदूक आहे, मुठीपाशी तडकलेली. तेव्हा तुझ्या दारावर टकटक होईल. उत्तर दे. माझ्यासारखी पत्रावर पत्र पाठवत बसणारी माणसं नाहीत ती.

तुझी बहीण म्हणते, भिंत निळी केलेली नाही. दारच तेवढं. मी विचारलं नव्हतं, तिने आपणहून सांगितलं. भिंतीवर काय आहे तेही सांगितलं. म्हणाली, "रंगारी आला होता, तर दादा त्या कोपऱ्यासमोर कपाट ओढून बसला." मी तिला म्हटलं, साखर कमी घालू का. ती म्हणाली, विषय बदला, बदला.

आता कामाचं.

इंजिनियर पुढच्या आठवड्यात बंदूक घेऊन तुझ्याकडे येईल. तू मूळ दस्ता बसवशील आणि माझ्या मापाचा निघेल. तो त्याला नको आहे. मी विचारलं. म्हणाला, डावखुऱ्या दस्त्याचं मी काय करू, तुम्हीच बघा. मालक म्हणाले, सुट्या दस्त्याला बाजारात गिऱ्हाईक नसतं, कागदावर किंमत शून्य लिहून टाका.

मी लिहिली नाही. तो दस्ता मी बंदुकीवर पाहिला आहे, खांद्याला लावून पाहिला आहे, पण नुसता, टेबलावर ठेवून, सकाळच्या उजेडात पाहिलेला नाही. आणि बघितल्याशिवाय मी कशाचीच किंमत सांगत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे.

तुझ्या खिडकीत सकाळी उजेड चांगला असतो. पुढचा सोडून त्यानंतरच्या शनिवारी येते. तोवर टाकू नकोस.

किंमतवाली